विंडोज ११ टाकताना एसएसडी दिसेना

पेनड्राइव्हवरून सेटअप सुरू झाला, पण डिस्कची यादी कोरी. एसएसडी बिघडलेली नव्हती. इंटेलच्या ११व्या पिढीपासून बऱ्याच लॅपटॉपमध्ये ती व्हीएमडी कंट्रोलरमागे (डिस्क सांभाळणारी इंटेलची यंत्रणा) असते आणि त्याचा ड्रायव्हर सेटअपमध्ये अनेकदा नसतो.

लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून त्याच मॉडेलचा हा ड्रायव्हर (नाव इंटेल आरएसटी) घेतला आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर उलगडून फोल्डर पेनड्राइव्हवर ठेवला. नुसती एक्झी (इन्स्टॉलर) फाइल चालत नाही, तिच्यातून निघणारी आयएनएफ (ड्रायव्हरची माहिती असलेली) फाइल लागते. बहुतेकांचं इथेच अडतं. सेटअपमधल्या ‘लोड ड्रायव्हर’मधून फोल्डर दाखवताच डिस्क दिसली. बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जमध्ये) व्हीएमडी बंद करूनही भागतं, पण आधीचं विंडोज ठेवायचं असेल तर तसं करू नका, ते सुरूच होत नाही.

वायफायचा ड्रायव्हरही सोबत घ्या. नसेल तर फोनचं यूएसबी टेदरिंग, म्हणजे केबलने फोनचं इंटरनेट. विंडोज टाकून झालं की मग आधी चिपसेटचा (मदरबोर्डच्या मुख्य चिपचा) ड्रायव्हर, नंतर ग्राफिक्सचा.