फाल्गुनातली देवराई: गटाने फेरी कशी काढावी

गट दहा-बारा जणांचाच ठेवा. पायवाट एकेरी असते. पुढच्याने शेकरू दाखवेपर्यंत विसावा माणूस तिथे पोहोचत नाही, आणि त्याच्या पावलांखालचा पाचोळा सगळ्या प्राणी-पक्ष्यांना सावध करतो. आदल्या दिवशी गावात जाऊन पुजारी किंवा जाणत्या माणसाची परवानगी घ्या, त्यांनाच वाटाड्या म्हणून बोलवा. देवळापाशी चपला कुठे काढायच्या हेही विचारून ठेवा. भीमाशंकरजवळच्या आहुप्यासारख्या देवराया गावाने राखल्या म्हणूनच उभ्या आहेत. तिथलं वाळलेलं पानही उचलू नये.

सकाळी सातच्या आत काठावर पोहोचा. लगेच आत शिरू नका. फुललेली काटेसावर किंवा पांगारा गाठून वीस मिनिटं शांत बसा. बुलबुल, शिंजीर, पर्णपक्षी मधासाठी तिथे येतातच. ८×४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण पुरते. जास्त मोठेपणाची हातात थरथरते आणि दाट सावलीत चित्र काळवंडतं. आत शेकरू शोधताना खाली नाही, शेंड्यांकडे बघा: फांद्यांच्या बेचक्यात काटक्या-पानांचा मोठा गोळा दिसला की ते घरटं. गारंबीच्या जाड वेलींवर मुलांना झोके घेऊ देऊ नका.

गडबड होते ती दोन गोष्टींनी. आग्या मोहोळाजवळ अत्तर, धूर, आरडाओरडा नको. आणि खाजकुयली या वेलीच्या खाजऱ्या कुसांच्या शेंगा याच दिवसांत वाळतात. कुसं लागली तर चोळू नका, ती आणखी आत रुततात. चिकटपट्टीने उपटून मग पाण्याने धुवा.