मारिया तेरेसाची नक्कल करताय? या चुका टाळा

स्पेनच्या चौथ्या फिलिप राजाची मुलगी मारिया तेरेसा. स्पॅनिश दरबारी चित्रकार वेलास्केझने 1652-53च्या सुमारास रंगवलेलं तिचं तैलचित्र आज व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममध्ये आहे. पोरगी चौदा वर्षांची. केसांच्या टोपावर फुलपाखरांसारख्या फिती, घेरदार झग्यावर रिबिनीला लटकलेली दोन घड्याळं. माझ्याकडे पोर्ट्रेट शिकायला येणारे निम्मे लोक हेच चित्र काढतात आणि त्याच त्या चुका करतात.

सगळ्यात छळणारी चूक म्हणजे त्या फिती एकेक करून 'काढणं'. शून्य नंबरचा बारीक ब्रश, नाक कॅनव्हासला टेकलेलं. दुसऱ्यांना कशाला हसू? मीही पंधरा दिवस असाच बसलो होतो. प्रत्येक फितीला कड, प्रत्येक कडेला पांढरी रेघ. मेव्हणा आला, दारातूनच म्हणाला, "हिच्या केसांत पॉपकॉर्न का अडकलाय?" जवळ गेल्यावर त्याला फिती दिसल्या, पण चित्र काही कोणी नाक लावून बघत नाही. वेलास्केझचं नेमकं उलटं. जवळून नुसते पातळ रंगाचे फटकारे, चार पावलं मागे सरकलात की फीत. मी ते सगळं पॅलेट नाइफने (रंग कालवायच्या पात्याने) खरवडून काढलं. आता सहा नंबरचा चपटा ब्रश घेतो, फिती आधी करड्या रंगात लावतो, दर दहा मिनिटांनी भिंतीपर्यंत मागे जाऊन डोळे बारीक करून बघतो. शुद्ध पांढरा अगदी शेवटी, चार-पाच ठिपके. तोवर ती ट्यूब मी खणात ठेवतो, हाताला लागली की मोह होतो.

दुसरी चूक, तिला सुंदर करणं. हाब्सबर्ग या तिच्या राजघराण्याचा तो जाड खालचा ओठ आणि पुढे आलेली हनुवटी विद्यार्थी गुपचूप 'सुधारतात', आणि कॅलेंडरवरची कोणीतरी तयार होते. अहो, लग्नाची बोलणी चालू असताना व्हिएन्नाच्या दरबारी पाठवलेलं चित्र हे! तिथेसुद्धा चित्रकाराने ओठ झाकला नाही. (लग्न शेवटी 1660 मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईशी झालं.) ओठ आहे तसाच काढा.

पांढऱ्या कॅनव्हासवर थेट सुरुवात नको. आधी बर्न्ट अंबरचा (गडद तपकिरी रंगाचा) पातळ वॉश, म्हणजे हलका हात, द्या, वाळू द्या.

मोबाइलवरच्या फोटोवरून रंग ठरवू नका. म्युझियमच्या साइटवरचा मोठा फोटो बघा.

खाली टर्पेंटाइनने पातळ केलेल्या रंगाचा थर, तेलकट थर वर. उलट केलंत तर तडे जातात.

आणि घाई. "सर, वाळलं ना?" हे मी आठवड्यातून तीनदा ऐकतो. तैलरंगाला बोट लावून बघायचं नसतं. एकाने प्रदर्शनाच्या गडबडीत आठव्या दिवशी चित्र वर्तमानपत्रात गुंडाळून नेलं. त्याच्या मारिया तेरेसाच्या गालावर आजही उलट्या अक्षरांत कांद्याचे भाव वाचता येतात.