पाण्याखालच्या फिलेट वेल्डची साइज कशी ठरवायची

पाण्यात उघड्यावर केलेला, म्हणजे ‘वेट’, वेल्ड बहुतेक वेळा फिलेटच असतो, म्हणजे दोन पृष्ठं भेटतात त्या कोपऱ्यात भरलेला त्रिकोणी वेल्ड. त्याची ताकद लेगवर (प्लेटला टेकलेली त्रिकोणाची बाजू) नाही, थ्रोटवर (आतल्या कोपऱ्यापासून वेल्डच्या तोंडापर्यंतचं सर्वांत कमी अंतर) मोजतात. दोन्ही लेग सारखे असतील तर थ्रोट = लेग × 0.707.

उदाहरणार्थ 8 मिमी लेग, 100 मिमी लांबी. थ्रोट 5.66 मिमी, क्षेत्रफळ 566 चौमिमी. ई60 वर्गातल्या वेल्डिंग रॉडची ताणशक्ती 414 एमपीए. शिअरमध्ये (कातरणाऱ्या भारात) त्याच्या 0.3 पट, म्हणजे सुमारे 124 एमपीए धरतात. भार निघतो 70 किलोन्यूटन, ढोबळमानाने 7 टन. पण हा आकडा हवेतल्या वेल्डचा. वेट वेल्डची ताणशक्ती हवेतल्याच्या साधारण 80 टक्के आणि तन्यता (न तुटता ताणलं जाण्याची क्षमता) निम्मी धरली जाते. म्हणून 56 किलोन्यूटनच धरा. धक्के किंवा लाटांचा भार असेल तर आणखी हात राखून.

भार वाढवायचा तर लेग नव्हे, लांबी वाढवा. 8 मिमी लेगचा 100 मिमी वेल्ड आणि 6 मिमी लेगचा 133 मिमी वेल्ड, दोघांची ताकद सारखीच. पण दुसऱ्यात धातू पाव भाग कमी लागतो. पाण्याखाली प्रत्येक रॉडला वेळ जातो, हे विसरू नका. पॅच प्लेट (ठिगळासारखी लावलेली प्लेट) 6 मिमी किंवा जाड असेल तर कडेवरचा लेग जाडीपेक्षा दीड-दोन मिमी कमी ठेवा, नाहीतर वरची कड वितळून जाते आणि खरा लेग किती हे गेजला कळतच नाही.

आता गॅप, म्हणजे जोडायच्या दोन भागांमधली फट. सगळा घोळ इथेच होतो. शेवाळ, शिंपले, गंज घासून धातू चकचकीत करा आणि प्लेट क्लॅम्पने दाबून बसवा. गॅप दीड मिमीच्या वर गेला की तेवढा लेग वाढवावा लागतो: 6 चा वेल्ड, 3 चा गॅप, तर लेग 9. बाहेरून जाड दिसणारा वेल्ड तुटतो तो बऱ्याचदा गॅपमुळे.

करंट डीसी, रॉड सहसा निगेटिव्हला. रॉडचं कोटिंग प्लेटला टेकवून ओढत न्या, उभ्या जोडावर वरून खाली. एका जाड पासपेक्षा (पास म्हणजे वेल्डचा एक थर) तीन बारीक पास घ्या आणि प्रत्येकानंतर स्लॅग (वेल्डवर गोठलेली मळी) पूर्ण काढा. रॉड बदलताना वरच्या माणसाला ‘करंट बंद’ सांगा, त्याचं उत्तर आल्यावरच होल्डरला हात लावा.

पाणी वेल्ड झटक्यात थंड करतं. त्यामुळे शेजारचा धातू कडक होतो, त्यात हायड्रोजन अडकतो आणि वेल्डच्या टोजवळ (वेल्डची कड प्लेटला मिळते तिथे) तडा जातो. मूळ स्टीलचा कार्बन इक्विव्हॅलंट (कार्बन आणि इतर मिश्रधातूंवरून काढलेला, स्टील किती कडक होईल हे सांगणारा आकडा) 0.40 च्या वर असेल तर साइज वाढवून उपयोग नाही. तिथे टेम्पर बीड लागतो: शेवटचा पास मूळ प्लेटला न टेकवता आधीच्या पासवर, टोच्या अगदी जवळ घालायचा, म्हणजे खालचा कडक पट्टा पुन्हा तापून मऊ होतो. खोली वाढते तशी पोरोसिटीही (वेल्डमधली वायूची छिद्रं) वाढते. चाचणी तुकडा कामाच्याच खोलीवर करून तोडून पाहा.

तडा तासांनी उमटू शकतो. तपासणी वेल्ड संपल्यासंपल्या उरकू नका, दोन-तीन दिवस थांबून पुन्हा करा. फुगीर वेल्डचा लेग मोजा, खोलगट वेल्डचा थ्रोट.