कोलॅजन जेलमध्ये त्वचेच्या पेशी कशा बसवाव्यात

सगळे घटक आणि नळ्या आधी बर्फात गार करा. जेल बहुधा इथेच बिघडते: सोडियम हायड्रॉक्साइडने आम्लता घालवलेले कोलॅजन (त्वचेतले तंतुमय प्रथिन) खोलीच्या तापमानालाही गोठू लागते.

1 मिली जेलसाठी दहापट तीव्र डीएमईएम (पेशी वाढवण्याचे पोषक माध्यम) 100 मायक्रोलिटर, 1 नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड 15, आणि उंदराच्या शेपटीचे कोलॅजन (3 मिग्रॅ/मिली) 667. मिश्रणाचा पिवळा रंग जाऊन फिकट गुलाबी आला की पुरे. गडद गुलाबी झाल्यास अल्कली पेशींना मारते. शेवटी 218 मायक्रोलिटर माध्यमातले 1 लाख फायब्रोब्लास्ट (कोलॅजन बनवणाऱ्या त्वचेच्या पेशी) हळूच मिसळा. बुडबुडा राहिला तर तिथे भोक पडते.

37 अंशांवर 30 ते 45 मिनिटे, अजिबात न हलवता. मग माध्यम घालून कडा सोडवा. जेल आक्रसणे हे चांगलेच लक्षण. पेशी तंतू ओढतात, हे संशोधक यूजीन बेल यांनी 1979 मध्ये दाखवले. दोन दिवसांत आक्रसलेच नाही, तर जिवंत आणि मृत पेशी वेगळ्या दाखवणारा रंग देऊन बघा.