गणपती उठले की सोनोमाच्या किनाऱ्याला: द्राक्षतोडणी बघायला कसं जावं

माझं माहेर निफाड तालुक्यातलं, घरची द्राक्षबाग. ऑक्टोबर म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे छाटणी येते: बोडके ओलांडे (वेलीचे आडवे फाटे), बांधावर काड्यांचे ढीग. लग्नानंतर कॅलिफोर्नियात फ्रीमॉन्टला आले आणि पहिल्याच वर्षी सप्टेंबरअखेर सोनोमाला गेले, तर तिथे वेली घडांनी वाकलेल्या. आपल्याकडे हंगाम सुरू व्हायचा, तेव्हा इथे तो संपत आलेला असतो. त्या वर्षापासून मी एकही तोडणी चुकवलेली नाही. बरेच जण विचारतात, म्हणून नीट लिहून काढते.

जायचं कधी? गणपती उठल्यापासून नवरात्र संपेपर्यंत, हा माझा हिशोब. बुडबुड्यांच्या वाइनची द्राक्षं ऑगस्टातच उतरवतात, कारण त्यांना आंबटपणा जास्त हवा असतो. पिनो न्वार आणि शार्डने या किनाऱ्याकडच्या दोन मुख्य जाती. त्यांची तोडणी बहुतेक सप्टेंबरात होते. उशिरा पिकणारी लाल द्राक्षं आतल्या गरम भागात ऑक्टोबरातही वेलीवर दिसतात. शनिवार-रविवार टाळा. मंगळवार-बुधवार गेलात तर वायनरीत, म्हणजे वाइन बनते तिथे, चाखायला वाइन ओतणाऱ्या माणसाला तुमच्याशी दोन शब्द बोलायला सवड असते, आणि तोडणीच्या दिवसांत त्याच्याकडे सांगण्यासारखं खूप असतं.

सॅन फ्रान्सिस्कोहून गोल्डन गेट ओलांडून १०१ नंबरच्या रस्त्याने वर जायचं, मग सेबास्टोपोल हे गाव. अंतर साधारण ९० किलोमीटर. पुलाचा टोल फक्त परतीच्या दिशेला लागतो आणि रोख घेत नाहीत, तेव्हा भाड्याच्या गाडीत टोलची सोय काय ते आधी विचारून घ्या. तिथून समुद्र आणखी २५ किलोमीटरवर. याच पट्ट्यात राहा. आधी नापा (शेजारचं वाइनचं खोरं), मग सोनोमा, मग समुद्र असं एका दिवसात करू नका. पहिल्या वर्षी मी पाच वायनऱ्या ठरवल्या होत्या. तिसरीनंतर चव कळेनाशी झाली, आणि दुपारभर डिकीत तापलेल्या दोन बाटल्यांची बुचं वर सरकली. आता मी दोनच ठिकाणं ठरवते, एक सकाळी, एक दुपारी, आणि थंड खोका सोबत नेते.

पण खरी गंमत वाइन चाखण्याच्या आधी आहे. पहाटे पाचला घर सोडा. तोडणी रात्रीच सुरू होते, कारण गार द्राक्ष टणक राहतं आणि वायनरीत पोचेपर्यंत आंबायला लागत नाही. ट्रॅक्टरवर मोठे दिवे, मजुरांच्या कपाळावर छोटे. धुक्यात ते दिवे ओळीओळीने सरकताना दिसतात. रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी गाडी लावून बघा. बागेत शिरू नका. ती कुणाचीतरी शेती आहे, आणि बुटांना लागलेल्या मातीतून रोग जातात हे बागाईतदाराच्या घरात वाढलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. मजूर बहुतेक मेक्सिकोकडचे, आपसात स्पॅनिश बोलणारे. हातात वाकडा छोटा सुरा, एका हाताने घड धरायचा, दुसऱ्याने कापायचा, की खालच्या पाटीत. पाटी भरली की पळतच मोठ्या पेटीकडे. आमच्याकडे कात्रीने देठ धरून, मण्याला बोट न लावता तोडतात, कारण ते खायचं द्राक्ष, दिसायलाही सुंदर असावं लागतं. इथे वेग लागतो. नऊ-दहापर्यंत सगळं आटोपतं, आणि उशिरा पोचणाऱ्याला नुसती रिकामी बाग दिसते.

धुक्याबद्दल कुरकुर करू नका, इथली वाइन त्याच्यावरच उभी आहे. या किनाऱ्याला पॅसिफिकचं पाणी बारा महिने थंड. आतल्या खोऱ्यांत दुपारी ३० अंशांच्या वर ऊन गेलं की तिथली हवा वर चढते आणि समुद्रावरचं धुकं डोंगरातल्या खिंडींमधून आत ओढलं जातं, मुख्यतः पेटालुमाच्या खिंडीतून आणि रशियन रिव्हरच्या पात्रातून. रात्री गारवा राहिल्यामुळे द्राक्ष सावकाश पिकतं, साखर चढते तरी आंबटपणा टिकतो. म्हणूनच बाटलीवर 'सोनोमा कोस्ट' एवढंच बघून थांबू नका. १९८७ साली ठरलेला हा प्रदेश फार मोठा आहे, समुद्रापासून बराच आतपर्यंत येतो. अगदी किनाऱ्यालगतच्या डोंगरांना २०२२ मध्ये 'वेस्ट सोनोमा कोस्ट' हे वेगळं नाव मिळालं. एक बाटली त्याची आणि एक 'रशियन रिव्हर व्हॅली'ची शेजारी शेजारी चाखा. समुद्राकडची जास्त तरतरीत लागते, आतली गोलसर. कपड्यांचाही हाच न्याय: सकाळी स्वेटर, दुपारी सुती सदरा, संध्याकाळी पुन्हा स्वेटर. पायात बंद बूट घाला, गोड रसावर गांधीलमाश्या घोंगावत असतात.

वायनरीची वेळ आधी ठरवून जा, आणि फोनवर एवढं विचारा: "त्या दिवशी तुमच्याकडे द्राक्षं येणार आहेत का?" हो म्हणाले तर तेच ठिकाण घ्या. देठ वेगळे करणाऱ्या यंत्राचा खडखडाट, ओल्या सिमेंटवर सांडलेला रस, टाक्यांमधून येणारा पावाच्या पिठासारखा आंबूस वास, हे एरवी अनुभवायला मिळत नाही. फोर्कलिफ्ट फिरत असते, म्हणून सांगतील तिथेच उभं राहा. आंबणाऱ्या टाकीत डोकं घालून वास घ्यायचा मोह आवरा. वर कार्बन डायऑक्साइडचा थर साचलेला असतो आणि तो जिवावर बेतू शकतो.

आणि एक द्राक्ष मागा. नक्की मागा.

दोन वर्षांपूर्वी अण्णा, माझे वडील, आले होते. सेबास्टोपोलजवळच्या एका छोट्या वायनरीतल्या माणसाने पिनोचा एक घड त्यांच्या हातात ठेवला. मूठभर, गच्च, काळा-निळा. अण्णांनी एक मणी चिमटीत दाबला, साल बाजूला केली, गर खाल्ला आणि बिया तळहातावर घेऊन चष्म्याजवळ नेल्या. तपकिरी होत्या. एक दाताखाली फोडली, कुडकुड वाजली. "पिकलंय. हिरवी बी असती तर तुरट लागली असती," ते म्हणाले. मग मला म्हणाले, "विचार त्याला, ब्रिक्स किती?" ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप. मी भाषांतर करायच्या आतच तो माणूस बोटांनी दाखवू लागला. दोन, चार. चोवीस. अण्णांनी भुवया उंचावल्या, कारण आमच्याकडे खायच्या द्राक्षाला अठरा आली की आम्ही तोडतो. इथे त्या साखरेची दारू व्हायची असते. ब्रिक्सच्या निम्म्याहून थोडा जास्त आकडा म्हणजे बाटलीवरचे टक्के, २४ ला साधारण साडेतेरा-चौदा. पुढचा अर्धा तास ते दोघं खुंटांबद्दल (ज्या मुळावर वेलीचं कलम करतात) बोलत होते, मी नावाला मध्ये. आमच्या बागेतला डॉगरिज खुंट मूळचा टेक्ससचा, हे त्या माणसाला ऐकून फार आनंद झाला. तुमच्या घरात कुणी शेतकरी असेल तर त्यांना आवर्जून न्या. वाइन घेत नसले तरी न्या.

चाखण्याची रीत सोपी. दर वेळी साधारण ३० मिलीलिटर ओततात, पाच प्रकार म्हणजे एक पूर्ण ग्लास झाला. नको असेल ते शेजारच्या भांड्यात ओता किंवा थुंका, तिथे त्यात कमीपणा नाही. गाडी चालवणाऱ्याने घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. रक्तातल्या दारूची कायद्याची मर्यादा ०.०८ टक्के आहे, पण पुढचा रस्ता वळणांचा आहे. उघडलेली बाटली डिकीत ठेवा, पुढे ठेवणं गुन्हा आहे. डबा न्यायचा तर आधी विचारा, काही ठिकाणी बाहेरचं चालत नाही. मी दशम्या आणि दाण्याची चटणी नेते, पण ती दुसऱ्या वायनरीनंतर उघडते. तिखट खाल्ल्यावर पिनोची चव लागत नाही.

ऑक्टोबरात निघण्याआधी वाऱ्याचा अंदाज बघा. ईशान्येकडून कोरडा, गरम वारा सुटला की वणव्याचा धोका असतो. २०१७ च्या ऑक्टोबरात इथल्या सँटा रोझा शहरातल्या वस्त्याच्या वस्त्या जळाल्या. वणव्याचा इशारा असेल तर जाऊ नका, तिथल्या लोकांना त्या दिवशी रस्ते मोकळे हवे असतात.

शेवट समुद्रावर करा. रशियन रिव्हर जेनर गावाजवळ पॅसिफिकला मिळते. गोट रॉकच्या वाळूवर सील पहुडलेले असतात, त्यांच्यापासून लांब राहा. पाण्याकडे पाठ करू नका, इथली एखादी लाट अचानक आत येऊन माणूस ओढून नेते. सप्टेंबर-ऑक्टोबरात उन्हाळ्यापेक्षा आकाश स्वच्छ मिळण्याची शक्यता जास्त. अंधार पडायच्या आत वळणं उतरून परत निघा.

अण्णा तेव्हा तीनच आठवडे राहिले. छाटणी सोडून राहणं त्यांना जमत नाही. आता मी तोडणीला गेले की पार्किंगमधूनच फोन लावते. मागे बागेतल्या माणसांचे आवाज, छाटलेल्या काड्यांच्या डोळ्यांना (कोंब फुटतो तिथे) पेस्ट लावणं चालू असतं. अण्णांचा पहिला प्रश्न ठरलेला: "यंदा ब्रिक्स किती लागली?"