अल्को रंगवायला घेताय? या चुका टाळा

डब्ल्यूडीएम-२, म्हणजे भारतीय रेल्वेचं अमेरिकन अल्को कंपनीच्या रचनेचं डिझेल इंजिन. त्याचं एचओ मापाचं, म्हणजे १:८७चं, मॉडेल हातात आलं की नवशिक्यांचे हात शिवशिवायला लागतात. संध्याकाळी बॉडी सुटी करायची आणि रात्री फोटो टाकायचा! मग अशी इंजिनं 'जरा बघता का?' म्हणून माझ्याकडे येतात.

सर्वांत जास्त नासधूस जुना रंग काढताना होते. एका मित्राने हार्डवेअरच्या दुकानातलं एनसी थिनर डब्यात ओतलं आणि त्यात बॉडी बुडवली. 'पाच मिनिटांत साफ होतं' असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. रंग निघाला खरा, पण जाळ्या आणि दारांच्या कडाही गेल्या. लांब हूडचं, म्हणजे केबिनपुढच्या लांबट भागाचं, प्लास्टिक मऊ पडून खचलं आणि उचलताना त्यावर बोटं उमटली. याला दुरुस्ती नाही, नवी बॉडीच आणावी लागते. मी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतो, झाकणाच्या डब्यात, गॅलरीत, शेगडीपासून लांब. आधी बॉडीच्या आतल्या बाजूला लावून बघतो, मग जुना टूथब्रश. एखाद्या रंगाला रात्रभर लागते. लागू दे. नंतर भांड्यांच्या साबणाने धुवायचं आणि मग उघड्या बोटांनी शिवायचं नाही. बोटांचं तेल लागलं तर रंग धरत नाही.

डिकल, म्हणजे नंबर-चिन्हांचे पाण्याने चिकटणारे स्टिकर, थेट मॅट रंगावर लावले की खाली हवा अडकून ते चंदेरी दिसतात. आधी ग्लॉस, मग डिकल, शेवटी मॅट. दमट पावसाळी हवेत लॅकर स्प्रे मारला तर पांढरट पडतो. कोरड्या दिवसाची वाट बघा. चाकांच्या रुळाला टेकणाऱ्या भागावर रंग अजिबात नको.

आणि तो सगळीकडे सारखा फासलेला गंज! रोज धावणाऱ्या इंजिनाची बॉडी इतकी गंजत नाही. अल्कोचा मळ वर असतो. नॉच, म्हणजे वेगाच्या दांड्याची पायरी, वाढवला की डिझेल आधी पोचतं, टर्बोची हवा मागून येते, म्हणून काळा धूर निघतो आणि एक्झॉस्टभोवतीचं छत काजळतं. बोग्यांवर, म्हणजे इंजिनाखालच्या चाकांच्या चौकटींवर, ब्रेकची तपकिरी धूळ, टाकीच्या तोंडाखाली डिझेलचा ओघळ. कोकण रेल्वेवरचं इंजिन असेल तर खालच्या भागावर जांभ्याची तांबूस धूळ हवी. ती लाइन १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाली आणि २०२२ मध्ये तिचं विद्युतीकरण पूर्ण झालं, म्हणजे मधल्या काळातले फोटो मुबलक आहेत. एक फोटो समोर ठेवल्याशिवाय मी मळ-गंज दाखवायच्या पावडरची डबी उघडत नाही.

डिकोडर, म्हणजे डिजिटल कंट्रोलचे हुकूम घेऊन मोटर आणि दिवे चालवणारी चकती, बसवताना मोटरचे दोन्ही ब्रश चेसिसपासून विजेच्या दृष्टीने वेगळे आहेत का, ते मल्टिमीटरने बघा. लाल-काळी वायर रुळांवरून वीज घेणाऱ्या पिकअपला, केशरी-राखाडी मोटरला. पहिली चाचणी प्रोग्रामिंग ट्रॅकवरच, म्हणजे डिकोडर तपासायच्या, कमी वीज देणाऱ्या वेगळ्या रुळावर. एलईडीला रेझिस्टर हवाच; मी एक किलोओहमचा लावतो. 'तसंही पेटतंय की' हे मला ऐकवू नका.