‘अभिचार’ शब्दाचा माग कसा काढावा

दुसऱ्याचे वाईट व्हावे म्हणून केलेले मंत्रकर्म म्हणजे अभिचार. आजच्या मराठीत ‘करणी’ आणि ‘जारणमारण’ यांनी त्याला मागे सारले आहे. जुन्या संस्कृत ग्रंथांत तो आहे, पण संगणकावर सरळ शोधला तर अर्धाच हाती लागतो.

अडचण संधीची. नुसते ‘अभिचार’ टाकले तर ‘कृत्याभिचार’सारखे समास निसटतात, कारण आरंभीचा ‘अ’ तिथे उरलेलाच नसतो. म्हणून ‘भिचार’ शोधा. मग ‘व्यभिचार’ची रास येईल, न्यायदर्शनाच्या (तर्कशास्त्राच्या) ग्रंथांत तर फारच, कारण तिथे तो हेतूचा, म्हणजे अनुमानासाठी दिलेल्या कारणाचा, दोष आहे. ती हाताने वगळा. दुसरी फेरी ‘भिचर’ची: वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसाशास्त्रातले ‘श्येनेनाभिचरन् यजेत’ (अभिचार करणाऱ्याने श्येनयाग करावा) हे गाजलेले वाक्य नामाच्या शोधात सापडणारच नाही. मजकूर स्कॅनवरून यंत्राने वाचलेला असेल तर भ चा म झालेला असतो, ‘मिचार’ही तपासा.

स्थळ नोंदवताना अध्याय-श्लोकाइतकेच महत्त्वाचे म्हणजे कोण बोलतो आहे. अथर्ववेदाचे कौशिकसूत्र अभिचाराचा विधी साहित्यासकट सांगते. मनुस्मृतीचा अकरावा अध्याय त्याला उपपातकांत, म्हणजे दुय्यम पापांत, बसवतो. मीमांसेचे भाष्यकार शबरस्वामी यांच्यापुढे तर पेच आहे: श्येनयाग वेदानेच सांगितला, मग तो धर्म का नाही?

‘कृत्या’ची, म्हणजे दुसऱ्याच्या घातासाठी मंत्राने निर्माण केलेलीची, नोंद वेगळी ठेवा. अथर्ववेदाच्या १०.१ या सूक्तात तिला डोके, नाक, कान आहेत. ती कुणीतरी घडवलेली वस्तू आहे आणि सूक्त तिला करणाऱ्याकडेच परत धाडते. भागवताच्या नवव्या स्कंधात दुर्वास जटा उपटून अंबरीषासाठी निर्माण करतो ती कृत्या मात्र तलवार घेऊन चाल करून येते. दोन्हीकडे ‘चेटूक’ लिहिणारा अनुवाद हा फरक पुसून टाकतो.

सर्वांत जास्त फसवणारा शब्द ‘मारण’. तंत्रातल्या षट्कर्मांत (सहा मंत्रप्रयोगांत) तो शत्रूचा जीव घेणे, रसशास्त्रात (पारा-धातूंच्या औषधविद्येत) धातूचे भस्म करणे. ‘जारण’ हीदेखील पाऱ्यावरची प्रक्रियाच. आसपास पारद (पारा), गंधक, पुट (औषध भट्टीत भाजणे) दिसले की ती नोंद खोडा. मराठी छटांसाठी मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ची आवृत्ती आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ शेजारी शेजारी उघडे असावेत.

षट्कर्मांतलेच ‘उच्चाटन’ (शत्रूला जागेवरून हुसकावणे) आता इतके निर्विष झाले आहे की महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या पूर्ण नावातही ते आहे. आधुनिक मजकुरातली उच्चाटने मोजूच नका.